शालन वहिनीला आणायला

"गादी कशाला घेतलीस?" मी विचारलं.

"लागेल," दादा म्हणाला.

भाड्यानं आणलेल्या जीपच्या मागच्या दोन बाकड्यांच्या मधे त्यानं घरातली कापसाची गादी अंथरली होती. तिच्यावर माझं जुनं रबरी कापड, कोपऱ्यात पाण्याचा कॅन. नुकतं फटफटलं होतं. शिबा घरात झोपलेली होती. तिच्याकडे बघायला पाळकबाईंना सांगून ठेवलं होतं. दादा घाईत नव्हता, पण कॅनची दोरी बांधून झाली की पुन्हा सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"कोण आजारी आहे ते तरी सांगशील?"

"एक म्हातारी आहे. फलटणच्या पुढं. अंथरुणाला खिळलीय. तिला आणायचंय. तू नर्स आहेस म्हणून तुला म्हटलं, चल."

"आणायचं म्हणजे दवाखान्यात?"

"बस तू. वाटेत सांगतो."

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल होता. राहुरीच्या बाजूला साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. माझा भाऊ शांतवन तोरणे कारखान्यात वायरमन. रविवारी उपासनेत तो पेटी वाजवायचा आणि मंडळीचं, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळातल्या लोकांचं, गायन सांभाळायचा. शिबा त्याची मुलगी, पाळण्यातलं नाव अलीशिबा, तेव्हा चौदाची. आणि मी सगुणा, त्याची धाकटी बहीण. मी मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होते. ती नोकरी सोडून मी दादाच्या घरी आले ती पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांना त्या एप्रिलात सात वर्षं होत आली होती.

झालं असं होतं की आमच्या गल्लीत बोअर मारायला एक गाडी आली. दिवसभर ती धडधडत राहायची, अंगणात पांढरी धूळ उडायची. गाडीवरचा मुख्य माणूस माणिक नावाचा होता. हसरा, गळ्यात रुमाल. पाणी मागायला तो आमच्या दारात यायचा. बोअरला पाणी काही लागलं नाही. गाडी गेली, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी शालन वहिनी गेली. सात वर्षांची शिबा शाळेतून आली तेव्हा घराला कडी होती आणि ती पायरीवर बसून राहिली होती.

त्यानंतर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी दादाला किती समजावलं! फारकतीचा कागद करून मोकळा हो, वय आहे, दुसरं लग्न कर. दादा ऐकून घ्यायचा आणि चहा विचारायचा. वहिनीबद्दल वाईट शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती कसर मी भरून काढायचे. भांडी घासताना, शिबाची वेणी घालताना मनातल्या मनात त्या बाईला मी जे सुनावायचे, ते इतक्या वेळा घोकलं होतं की माझं मलाच पाठ झालं होतं.

भीमेचा पूल गेला, दौंड मागं पडलं, तरी दादा बोलेना. मी दोनदा विचारलं, दोनदा त्यानं "बारामतीला चहा घेऊ" म्हणून टाळलं. मला बसवत नव्हतं. जीप चालू असताना मी उगाच मागं जाऊन रबरी कापड सारखं केलं, पिशवीतला कापूस काढून परत भरला.

बारामतीला स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आला. दादानं बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"सगुणा, आपण शालनला आणायला चाललोय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कोणाला?"

"शालनला. ती तिथं आहे. त्या म्हातारीपाशी."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे."

"आणि मला नर्स म्हणून आणलंस? खोटं बोलून?"

"खोटं नाही. म्हातारी खरंच आहे. शालन तिला सोडून येत नाही, म्हणून दोघींना आणायचं."

मी उठले. चहा तसाच ठेवून रस्ता ओलांडून स्टँडवर गेले. नगरची गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला, काढला, परत ठेवला. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसायचं का नाही ते एकदा ठरवा." मी वळून बघितलं. दादा तिथंच बसला होता, माझ्या कपावर बशी झाकून. तो मला बोलवायला आला नाही. आला असता तर मी त्या गाडीत चढले असते असं मला अजूनही वाटतं.

मी परत गेले. दया आली म्हणून नव्हे. सात वर्षं जे घोकलं ते त्या बाईच्या तोंडावर बोलायची संधी चालून आली होती, ती मला सोडवेना.

"चल," मी म्हणाले. "पण मी गप्प बसणार नाही."

"नको बसूस," दादा म्हणाला.

नीरा ओलांडली, फलटण गेलं. पुढं कॅनॉलच्या कडेनं एक कच्चा रस्ता होता. दादानं तो कुणाला न विचारता धरला. मी त्याच्याकडे बघितलं. प्रत्येक खड्डा त्याला ठाऊक होता. हंगाम संपला की दर उन्हाळ्यात तो चार दिवस 'सातारच्या बाजूला केबलचं काम' म्हणून जायचा. मी त्याला त्या दिवसांसाठी चटणी-भाकरी बांधून द्यायचे.

"केबल," मी म्हणाले.

दादा कानापर्यंत लाल झाला.

वस्ती म्हणजे तीन-चार पत्र्याची घरं आणि एक शेवग्याचं झाड. जीपचा आवाज ऐकून एक पाच-सहा वर्षांची पोर धावत आली.

"मामा आलं! मामा गाडी घेऊन आलं!"

ती दादाच्या कमरेला बिलगली. दादानं खिशातून काचेच्या बांगड्या काढून तिच्या हातात चढवल्या.

"मामा?" मी विचारलं.

"मी कोण ते तिला कुणी सांगितलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तिचं तिनं ठरवलं."

पोरीचं नाक, पोरीची हनुवटी, सगळं त्या रुमालवाल्याचं होतं. मी नजर काढून घेतली.

दारात वहिनी उभी होती. माझ्या मनातली वहिनी वेगळी होती. मी तिला कधी रोगानं खंगलेली, कधी नटलेली-थटलेली बघत आले होते. ही दोन्ही नव्हती. अंगानं सुटलेली, उन्हानं रापलेली, कांदा काढून काढून हाताच्या बोटांना भेगा पडलेली बाई. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"आलात?" ती दादाला म्हणाली. "दर उन्हाळ्यात येता आणि दर उन्हाळ्यात मी नाही म्हणते. तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

"पाणी दे," दादा म्हणाला.

"या वेळी वन्संनाही आणलंत. शिव्या द्यायला?"

"हो," मी म्हणाले.

"द्या. पण आत चला, उन्हात नको."

आत अंधार आणि वास. तो वास मला नवा नव्हता. दवाखान्यात मी तो रोज घेतला होता. खाटेवर एक म्हातारी पडली होती, कमरेखाली लुळी, पण डोळे मात्र पाखरासारखे.

"कोण आलंय गं? त्यो बाबा आलाय का?"

"आलोय मावशी," दादा म्हणाला. "ही माझी बहीण, सगुणा."

"नकुशे, पाव्हणीला पाणी दे." पोर तांब्याकडे धावली. मग म्हातारीनं मला जवळ बोलावलं. "बस बाय. तू शानी दिसतीस. मी हौसाबाई, माणक्याची आई. माझ्या पोरानं ह्याची बायकू पळवली. आता त्यो मुडदा हिला आन मला टाकून कर्नाटकात दुसरा संसार मांडून बसलाय, तीन वर्सं झाली. आन ह्यो बाबा मला न्यायला आलाय. मला! तूच सांग, ह्याचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "मीही तेच म्हणतेय."

"बघ!" म्हातारी दादाला म्हणाली.

मी दादाला दंडाला धरून बाहेर शेवग्याखाली नेलं.

"ज्यानं तुझं घर मोडलं त्याच्या आईला तू माझ्या हातानं धुवायला आणणार? त्याची पोर आपल्या ताटात जेवणार? आणि शिबा? तिला काय सांगशील? मंडळीला काय सांगशील? मी काय सांगू दादा? माझी सात वर्षं मी कुणाला मागू?"

दादा बोलण्यात तयार नव्हता. पेटीवर बसला की त्याला सगळं यायचं, बोलायला लागला की अडखळायचा.

"तुझी सात वर्षं खरी," तो म्हणाला. "ती मला फेडता येणार नाहीत. पण मी लग्नात जो शब्द दिला, तो तिनं पाळला तर मी पाळीन असा दिला नव्हता. पहिल्या वर्षी मी इथं आलो ते भांडायलाच. कोयता घेऊन आलो होतो, पिशवीत. फलटणला उतरलो आणि चालत निघालो. चालता चालता मला वाटलं, मी देवाला किती वेळा सोडून गेलोय, आणि तो माझ्या मागं काय घेऊन आला? कोयता मी कॅनॉलमधे टाकला. त्या वर्षी नुसता दारात उभा राहून परत आलो. आता प्रत्येक वर्षी येतो. दुसरं मला काही सुचत नाही, सगुणा."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण शब्द सापडेनात. म्हणून मी उलट घरात शिरले, जिच्यासाठी शब्द तयार होते तिच्याकडे.

"वहिनी," मी सुरू केलं. ती माझ्याहून वयानं लहान, मी तिला आधीपासून तूच म्हणायचे. "शिबा त्या दिवशी शाळेतून आली तेव्हा—"

"वन्सं, एक मिनिट," ती म्हणाली. म्हातारीनं अंथरूण खराब केलं होतं. वहिनीनं एका हातानं तिला खांद्याला धरलं, दुसऱ्यानं कमरेखालचं कापड ओढायला लागली. म्हातारी वेदनेनं कण्हली. पाठीच्या खालच्या बाजूला जखम होती, तळहाताएवढी. वहिनीनं ती स्वच्छ ठेवली होती, पण एकटीला ती बरी करणं शक्य नव्हतं.

"अशी ओढू नकोस!" मी म्हणाले. "कातडं निघेल. थांब. आधी गुडघा वाकव. आता कुशीवर घे. माझ्याकडं."

आम्ही दोघींनी तिला कुशीवर घेतलं. मी पिशवी मागवली. पोरगी पिशवी घेऊन आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसून बघायला लागली. मी जखम धुतली, कापूस लावला, पट्टी केली. वहिनी पाणी ओतत होती. शिबाचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि हात भरलेले होते.

"पाठीवर अजिबात झोपवायचं नाही हिला," मी म्हणाले. "दर दोन तासांनी कूस बदलायची."

"मी रानात कामाला जाते वन्सं. नकुशी किती बदलणार?"

"नकुशी काय! हे काय नाव आहे?"

"मीच ठिवलं," म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नको व्हती तवा झाली. आता माझी जीभ काय ऐकती?"

पोरगी बांगड्या वाजवत बसली होती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दादा दारात येऊन उभा राहिला. वहिनीनं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"ह्यांचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "हे न्यायला तयार आहेत. पण त्या घरात तुम्ही राहिलात. शिबाला तुम्ही वाढवलंत. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हातारीच्या पाठीकडे बघत होते.

"मी काही म्हणत नाही," मी म्हणाले. "पण ही जखम इथं बरी व्हायची नाही. हिला न्यावंच लागेल."

"आणि मी?"

"तू नसलीस तर हिला उचलणार कोण? माझी कंबर धरते."

वहिनी खाली बसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. मी कापसाचे बोळे गोळा करत राहिले. माझ्या बोलण्यात माया नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

मग म्हातारी अडून बसली. "तुमच्यात आले तर तुमच्या देवाचं करायला लावाल."

"नाही मावशी," दादा म्हणाला. "तुमचा देव बरोबर घ्या."

"आन मेले तर? पुराल न्हवं मला? मला मातीत गुदमरायचं न्हाय."

"तुमच्या रीतीनं जाळू."

"शब्द?"

"शब्द."

म्हातारीनं डोळे मिटून विचार केला. "ह्याच्या शब्दावर जायला हरकत न्हाय," ती वहिनीला म्हणाली. "ह्यो येडा हाय, पण खोटा न्हाय." कोनाड्यातला खंडोबाचा टाक फडक्यात गुंडाळून वहिनीनं तिच्या हातात दिला. आम्ही तिघांनी मिळून तिला गादीवर ठेवलं.

परतीच्या वाटेवर पोरगी पुढं दादाच्या शेजारी बसली आणि हॉर्न वाजवायला मागत राहिली. मी आणि वहिनी मागं, मधे म्हातारी. दौंडपर्यंत आम्ही एकमेकींशी फक्त म्हातारीबद्दल बोललो.

घरी पोचलो तेव्हा शिबा अंगणात होती. तिनं आईला ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आत्या," ती मला म्हणाली, "ह्यांना कुठं झोपवायचं?"

त्या 'ह्यांना'मध्ये तिची आईही होती. वहिनीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

पुढचे तीन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. घरात माणसं वाढली आणि मला उभं राहायला जागा उरली नाही असं वाटायचं. वहिनी प्रत्येक गोष्ट विचारून करायची. "वन्सं, मीठ कुठं ठेवता?" "वन्सं, शिबाला डब्यात काय देता?" ती नमून विचारायची आणि मी आतून पेटायचे. विचारलं नसतं तरी पेटले असते. दुपारी मी वसाहतीला फेऱ्या मारायचे, कुठं जायचं नसताना. दवाखान्यात परत नोकरी मिळेल का, ट्रंक कुठं आहे, शिबा माझ्याबरोबर येईल का, असलं काहीबाही डोक्यात फिरायचं. शिबा आईशी बोलत नव्हती आणि त्यात मला गारवा वाटायचा. तो गारवा वाटतो म्हणून परत चैन पडायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं; देवळात सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा, आणि मनात कुणाबद्दल राग ठेवून तो घ्यायचा नसतो. तीन वेळा मी म्हातारीचं निमित्त काढून घरी थांबले.

म्हातारीची जखम मात्र भरत आली. ती अंगणात खाटेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारायची आणि आमच्या घराची सगळी कथा न विचारता सांगायची. "ह्यांची बायकू माझ्या पोरानं पळवली, आन आता मी हितं शिरा खाते!" लपवायचं काही ठेवलंच नाही तिनं.

मग एका संध्याकाळी पाळक वडागळे आले. दादासमोर खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ टोपी फिरवली.

"शांतवनराव, शालनबाईंनी मंडळीपुढं पश्चात्ताप कबूल केला की मंडळी त्यांना घेईल. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण तुम्ही त्या मुलीच्या बाप्तिस्म्याचं विचारलंय. आता तिचं नाव..."

"बदलायचंय. रुहामा ठेवायचं."

पाळक त्याच्याकडे बघतच राहिले. मला नाव कळलं नाही, म्हणून मी विचारलं.

"पवित्र शास्त्रात एक मुलगी आहे," पाळक मला म्हणाले. "तिची आई अशीच घर सोडून गेलेली. देवानं मुलीचं नाव आधी ठेवायला लावलं, 'दया न पावलेली'. लोकांनी देवाला सोडलं होतं ना, त्याची खूण म्हणून. पण देवालाच राहवलं नाही. पुढं त्यानं ते 'न' काढून टाकलं. रुहामा. दया पावलेली." ते दादाकडे वळले. "नाव चांगलं आहे. पण मधलं नाव काय लावणार? बापाचं?"

"माझं."

"विचार करा."

"सात वर्षं केला," दादा म्हणाला.

दाराआड वहिनी उभी होती. भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

बाप्तिस्मा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ठरला. त्या दिवशी घरी थांबायला मला निमित्त उरलं नाही, कारण म्हातारीच हट्टाला पेटली. "माझ्या नातीचं बारसं हाय आन मी घरी?" दादानं आणि मी हातांची खुर्ची करून तिला देवळात नेलं आणि दाराजवळ, शेवटच्या बाकावर ठेवलं. तिच्या एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला वहिनी. शिबा पुढं, गायनाच्या मुलींत.

वहिनीला पुढं बोलावलं. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नसेल. तिचे ओठ हलले आणि पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग दादा पेटीवरून उठला आणि पोरीला कडेवर घेऊन उभा राहिला.

"या लेकराचं नाव?"

"रुहामा शांतवन तोरणे."

दादा अडखळला नाही. देवळात कुणीतरी श्वास आत ओढला. पाळकांनी पूर्ण नाव पुन्हा उच्चारलं, मधलं नाव जरा जास्त मोठ्यानं, आणि पाणी घातलं. पोरगी पाणी तोंडात गेलं म्हणून हसली.

"काय म्हनला?" म्हातारीनं मला विचारलं.

"रुहामा."

"म्हंजी?"

"दया झालेली."

म्हातारी पुटपुटली, जिभेवर घोळवून बघितलं. मग तिनं डोळ्याला पदर लावला. "बरं झालं," ती म्हणाली. "माझं तोंड फुटलं व्हतं तवा."

ही म्हातारी पुढं दीड वर्ष आमच्या घरी जगली आणि दादानं तिला तिच्या रीतीनं अग्नी दिला. माणिक आला नाही. शिबा आईशी बोलायला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, तापानं फणफणली होती तेव्हा. आणि बोलायला लागली तशी भांडायलाही लागली, आणि ते बरंच झालं. मी त्या घरातून गेले, पण रुसून नाही. दवाखान्यात परत रुजू झाले आणि सुट्टीला येत राहिले, माहेरी येतात तशी. पण ते सगळं नंतर. त्या रविवारी यातलं काहीच मला दिसत नव्हतं.

पाळकांनी भाकर उचलली, मोडली. "या," ते म्हणाले. "भाकर तयार आहे." एकेक बाक उठून पुढं जायला लागला. दादा गेला, शिबा गेली. आमच्या पुढचा बाक रिकामा झाला. आमची पाळी आली आणि मी हलले नाही. वहिनीही हलली नाही.

"वन्सं, तुम्ही जा," ती म्हातारीच्या पाठीमागून कुजबुजली. "माझ्यामुळं थांबू नका. मी बसते इथं. मला इतकंही पुष्कळ आहे."

"तुझ्यामुळं नाही थांबले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मला जाता येत नाहीये. तू आलीस तेव्हापासून जाता येत नाहीये. तू जा. तुला तर सगळ्यांसमोर घेतलंय."

"तुमच्याआधी मी कशी जाऊ?"

"आणि मी हे मनात घेऊन कशी जाऊ?"

पुढं पाळक ताट घेऊन उभे होते. शेवटचा माणूस परत जागेवर बसला होता. लोक मान वळवून बघायला लागले. दादाचे हात पेटीवर होते आणि तो वाजवत नव्हता. मी खाली फरशीकडे बघत होते. उठावं की बाहेर निघून जावं, काही कळत नव्हतं, आणि दार तर हाताच्या अंतरावर होतं.

म्हातारीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग पुढच्या ताटाकडे बघितलं आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आगं, भांडता काय! उठा की दोघीबी! त्यो बाबा कवाधरनं भाकर घिऊन हुबा राहिलाय!"

कुणीतरी हसलं. मग पाळकही हसले, पण ताट त्यांनी खाली ठेवलं नाही. म्हातारीनं एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्यानं वहिनीचं, आणि कमरेखाली लुळ्या त्या बाईनं आम्हा दोघींना बाकावरून ओढून उभं केलं.

आम्ही पुढं गेलो.